सरावलीत साइट उघडत नाही तेव्हा

पालघर जिल्ह्यातल्या डहाणू तालुक्यातील सरावलीसारख्या गावातून ‘साइट उघडत नाही’ अशी तक्रार आली, की पुण्यामुंबईत बसलेला वेबसाइटचा व्यवस्थापक आधी स्वतःच्या संगणकावर ती उघडून बघतो. ती उघडते. मग ‘तुमच्याकडे रेंज नसेल’ असे उत्तर जाते आणि तक्रार मिटली असे धरले जाते. ही पद्धत मुळातच चुकीची आहे. वाट तपासणारे साधन, मग ते पिंग असो की ट्रेसराउट, जिथून चालवावे तिथलीच वाट सांगते. पुण्यात घेतलेल्या मापावरून सरावलीच्या वाटेबद्दल काहीच ठरत नाही. म्हणून पहिले माप तक्रार करणाऱ्याच्या फोनवरून किंवा ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालकाकडून घ्यावे.

या साधनांचा पाया १९८१ सालचा आहे. त्या वर्षी जॉन पोस्टेल यांनी आयसीएमपी संदेशांचे नियम लिहिले. वाटेतल्या राउटरला अडचण आली, की तो ती पाठवणाऱ्याला याच संदेशांतून कळवतो: पत्ता गाठता येत नाही, पॅकेटची मुदत संपली, पॅकेट पुढे जाण्याइतके लहान नाही. ‘आहेस का?’ ‘आहे’ अशी प्रश्नोत्तराची जोडीही त्यात आहे. तिचा उपयोग करून माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिले. ते तेव्हा अमेरिकी सैन्याच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत होते.

पिंगचा आकडा अंतराशी ताडून वाचायचा असतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. डहाणू रोड ते चर्चगेट रेल्वेने सुमारे १२५ किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन सव्वा मिलिसेकंद. मुंबईतल्या सर्व्हरला मोबाइलवरून ५० मिलिसेकंद लागत असतील, तर त्यातला मोठा वाटा सहसा फोन आणि टॉवर यांच्यामधला असतो. सर्व्हर अमेरिकेत व्हर्जिनियाला असेल, तर सुमारे १३० मिलिसेकंदांच्या खाली कोणीच जाऊ शकत नाही. केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात आकडा दोनशेच्या आसपास किंवा त्याहून वर दिसतो. मुंबई-व्हर्जिनिया ही वाट जुनी आहे. जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने श्रीनिवासन रमाणी संचालक असताना १९८९ मध्ये तिथल्या यूयूनेट या नेटवर्कशी सेकंदाला ९६०० बिटांची लाइन जोडली. आजचा एक एमबीचा फोटो त्या लाइनवरून यायला सुमारे चौदा मिनिटे लागली असती. तेव्हापासून लाइनची रुंदी कल्पनेपलीकडे वाढली, पण अंतराला लागणारा वेळ तेवढाच राहिला. पालघर जिल्ह्यातल्या वाचकांसाठी असलेली साइट परदेशी सर्व्हरवर ठेवून वर जास्त वेगाची लाइन विकत घेणारे हे लक्षात घेत नाहीत.

ट्रेसराउट व्हॅन जेकबसन यांनी लिहिले. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा एक आकडा असतो, तो प्रत्येक राउटर एकने कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देऊन तसे कळवतो. आकडा १, २, ३ असा चढवत नेला, की वाटेतले राउटर एकेक करून नाव सांगतात. इथे वाचण्यात दोन चुका नेहमी होतात. एखाद्या ओळीत तीन चांदण्या दिसल्या म्हणजे वाट तुटली असे नव्हे. त्या राउटरने उत्तर दिले नाही, इतकेच. मधल्याच एका ओळीत आकडा फुगला आणि पुढे पुन्हा खाली आला, तर तिथेही बिघाड नाही. राउटर आधी पॅकेटे पुढे ढकलतो आणि उत्तरे सवडीने देतो. एका ओळीपासून चढलेला आकडा शेवटपर्यंत चढलेलाच राहिला, तरच तिथे संशय घ्यावा. परतीची वाट मात्र यात दिसत नाही, आणि ती वेगळी असू शकते.

वाट ठीक असली तरी आधी साइटच्या नावावरून तिचा पत्ता सापडावा लागतो. तो शोधणारी डीएनएस पद्धत पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री भारतात नऊनंतर व्हॉट्सअॅप, फेसबुक बंद पडले, तेव्हा त्या कंपनीच्या डीएनएस सर्व्हरांकडे जाणारे मार्गच जगाच्या नकाशावरून पुसले गेले होते.

आता मूळ तक्रारीकडे, आणि तिच्या सर्वांत फसव्या रूपाकडे. पिंग जाते, नाव सापडते, साइटचे छोटे पान उघडते, पण मोठे पान अर्ध्यात अडकते, आणि तेही फक्त काही गावांत. ग्रामपंचायतींपर्यंत तंतू नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. अशा तंतूवरून घरात-कार्यालयात येणारी फायबर जोडणी अनेकदा पीपीपीओई पद्धतीची असते. ती प्रत्येक पॅकेटमधले ८ बाइट स्वतःसाठी घेते, म्हणून १५०० ऐवजी १४९२ बाइटच जातात. सर्व्हर १५०० चे पॅकेट ‘तुकडे करू नका’ अशी खूण लावून पाठवतो. त्या जोडणीच्या अलीकडचा राउटर ते टाकून देतो आणि ‘लहान पाठवा’ असे आयसीएमपीतून कळवतो. पण सुरक्षेच्या नावाखाली व्यवस्थापकाने आपल्या फायरवॉलमध्ये पिंग सोडून बाकी सगळे आयसीएमपी बंद केलेले असते. निरोप दारातच मरतो, सर्व्हर तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. बहुतेक सेवादाते राउटरमध्येच आकार आधी कमी करून घेतात, म्हणून हे रोज दिसत नाही. जिथे ती सोय राहून जाते, तिथल्या माणसाला मात्र आपलीच लाइन खराब आहे असे ऐकून घ्यावे लागते. मला हा अन्याय वाटतो, कारण दोष सर्व्हरच्या बाजूचा असतो.

याची परीक्षा सोपी आहे. गावातल्या संगणकावरून, तुकडे न करण्याची खूण लावून, १४७२ बाइटांचे पिंग पाठवावे. त्यात २८ बाइटांची शीर्षके मिळून १५०० होतात. १४७२ अडले आणि १४६४ गेले, तर वाट १४९२ ची आहे हे कळले. मग सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा प्रकार ३, कोड ४ हा संदेश आत येऊ द्यावा. पिंगला उत्तर देणे बंद ठेवायचे असेल तर खुशाल ठेवावे, तो वेगळा संदेश आहे. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीसाठी ‘पॅकेट फार मोठे’ हा दुसऱ्या प्रकारचा संदेशही उघडा लागतो, कारण त्या पद्धतीत वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे कधीच करत नाही, आणि आज भारतातल्या मोबाइल फोनांची मोठी संख्या आयपीव्ही६ वरूनच साइट उघडते.