मुल्कीची पंधरा वर्षे

हैदराबाद संस्थानात सरकारी नोकरी मिळणार की नाही, हे बऱ्याचदा 'मुल्की' या एका शब्दावर ठरत असे. मुल्की म्हणजे मुलुखाचा, संस्थानची रयत; बाहेरचा तो गैरमुल्की. संस्थानचे दिवाण पहिल्या सालारजंगांनी कारभाराची घडी बसवताना उत्तर हिंदुस्थानातून माणसे आणली आणि वरच्या जागा त्यांच्याकडे गेल्या, तेव्हापासून स्थानिक सुशिक्षितांची तक्रार वाढत राहिली. ज्यांच्या नावावरून धाराशिवचे उस्मानाबाद झाले, त्या निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१९ च्या फर्मानाने मुल्की कोणाला म्हणावे हे नियमबद्ध झाले. जन्माने रयत असलेला माणूस मुल्की होताच. बाहेरून आलेल्याने मात्र किमान १५ वर्षे संस्थानात कायम वास्तव्य केलेले असावे, आणि मूळ ठिकाणी परतण्याचा विचार सोडल्याचे प्रतिज्ञापत्र ठरलेल्या नमुन्यात लिहून ते मॅजिस्ट्रेटकडून साक्षांकित करून घ्यावे, अशी अट होती.

वर्षे मोजता येतात, परतण्याचा विचार मोजता येत नाही. आणि धाराशिवसारख्या सीमेवरच्या जिल्ह्यात तर तो विचार कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे सांगणेच अवघड होते. नळदुर्गहून सोलापूर एका दिवसाच्या वाटेवर, बार्शीची पेठ तर हद्दीला लागूनच, पण ही दोन्ही गावे इंग्रजी मुलखात. तुळजाभवानीच्या दर्शनाला येणारे भाविक दोन्ही बाजूंचे, सोयरिकीही दोन्हीकडच्या. मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, हाली शिक्क्याचा रुपया चाले आणि हद्दीपलीकडे इंग्रजी कलदार. सात हाली रुपये दिले की साधारण सहा कलदार मिळत. खुद्द धाराशिव-नळदुर्गचा हा मुलूखही १८५३ च्या तहाने ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली गेला होता, इंग्रज अधिकारी मेडोज टेलर यांनी नळदुर्गात राहून तो सांभाळला, आणि १८६० मध्ये तो निजामाकडे परत आला. म्हणजे माणसे जागची हलली नव्हती, राज्य मात्र सात वर्षांत दोनदा बदलले होते.

सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली. भारताच्या राज्यघटनेने पाचव्या कलमात, भारतात अधिवास असलेल्या पण इथे न जन्मलेल्या माणसाला नागरिकत्वासाठी पाच वर्षांचे लगतचे वास्तव्य पुरेसे मानले. एका संस्थानातल्या नोकरीसाठी याच्या तिप्पट काळ मागितला जात होता, ही तुलना त्या नियमाची कठोरता पुरेशी दाखवते. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५७ च्या केंद्रीय कायद्याने नोकरीसाठीच्या वास्तव्याच्या अटी, तेलंगणासारखे मोजके प्रदेश वगळता, रद्द ठरवल्या. तेलंगणात मुल्कीचा वाद १९७३ पर्यंत पेटत राहिला. नळदुर्ग आणि सोलापूर यांच्यामधली रेघ मात्र तोवर दोन जिल्ह्यांची साधी हद्द झाली होती.