कोल्वेझी ते अँडरसन : एका चुंबकाची गोष्ट

१/ मे १९७८. अंगोलातून आलेल्या बंडखोरांनी झाईरच्या शाबा प्रांतातील कोल्वेझी हे खाणींचे शहर ताब्यात घेतले. फ्रेंच छत्रीधारी सैनिकांनी काही दिवसांत ते सोडवले. परंतु कोबाल्टच्या बाजारात तोवर घबराट माजली होती. जगातील सर्वांत मोठा कोबाल्ट-उत्पादक देश झाईरच होता आणि त्या काळचे सर्वांत शक्तिशाली चुंबक समारियम व कोबाल्ट यांचे बनत.

२/ कोबाल्टऐवजी लोह आणि समारियमऐवजी अधिक मुबलक नियोडिमियम वापरता येईल का? कल्पना आकर्षक होती, पण या दोघांच्या साध्या मिश्रणातून उपयुक्त कायम चुंबक बनत नव्हता.

३/ जनरल मोटर्स या मोटार कंपनीच्या प्रयोगशाळेत जॉन क्रोट यांनी वेगळा मार्ग धरला. वितळलेल्या मिश्रधातूची बारीक धार वेगाने फिरणाऱ्या तांब्याच्या चाकावर सोडायची. सेकंदाला सुमारे दहा लाख अंश या गतीने ती थिजते आणि केसाहूनही पातळ फीत बाहेर पडते.

४/ सारे मर्म चाकाच्या वेगात होते. चाक मंद फिरले, तर स्फटिककण मोठे वाढतात आणि उलट चुंबकीय क्षेत्रापुढे चुंबकत्व लवकर नमते. फार वेगाने फिरले, तर धातू काचेसारखा अस्फटिक राहतो, तोही कुचकामी. मधल्या अरुंद पट्ट्यात काही दशक नॅनोमीटरचे कण मिळतात आणि चुंबक हट्टी होतो. त्यात चिमूटभर बोरॉन मिसळल्यावर दोन नियोडिमियम, चौदा लोह आणि एक बोरॉन अणू असे संयुग हाती आले.

५/ तेच संयुग जपानमध्ये सुमितोमो स्पेशल मेटल्सच्या मासातो सागावा यांनी भुकटी दाबून व भाजून चुंबक बनवण्याच्या पद्धतीने गाठले होते. नोव्हेंबर १९८३ मध्ये पिट्सबर्गच्या एकाच परिषदेत दोन्ही शोध जाहीर झाले. विज्ञानाच्या इतिहासात असे योगायोग वाटतात तितके विरळ नाहीत. टंचाई दोघांनाही सारखीच छळत होती.

६/ १९८६ मध्ये इंडियाना राज्यातील अँडरसन येथे जनरल मोटर्सचा 'मॅग्नेक्वेंच' विभाग उभा राहिला. १९९५ मध्ये तो चिनी कंपन्यांचा सहभाग असलेल्या गटाला विकला गेला. अमेरिकी सरकारने त्यास संमती दिली. पुढे काही वर्षांत अँडरसनचे उत्पादन चीनमध्ये हलले. या विक्रीलाच साऱ्याचे मूळ ठरवणे सोपे आहे. पण इनर मंगोलियातील बायान ओबोची खाण चीनकडे आधीपासूनच होती, आणि कारखाना कच्च्या मालामागे जातो.

७/ एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांवर आणि त्यांच्या चुंबकांवर निर्यात-परवान्याचे बंधन घातले. त्या उन्हाळ्यात त्याची झळ पुण्यातील विजेच्या दुचाकींच्या कारखान्यापर्यंत पोहोचली.