पिळ्ळै ते पिले : एका आडनावाचा प्रवास

श्रोतेहो, तुमच्या गावात पाटील असतील, कुलकर्णी असतील. ही मुळात आडनावे नव्हेत, ती कामांची नावे. काम गेले, वतन गेले, नाव तेवढे मागे राहिले. असेच एक तमिळ नाव समुद्रापार गेले. त्याची ही हकिगत.

ते नाव 'पिळ्ळै'. तमिळमध्ये पिळ्ळै म्हणजे मूल, लेकरू. आपल्या 'पिल्लू' या शब्दाचे नाते अभ्यासक त्याच्याशी जोडतात. गणपतीला तिकडे 'पिळ्ळैयार' म्हणतात. त्यातला 'आर' आदराचा. पुढे वेळ्ळाळर शेतकरी आणि इतर काही जातींत हा शब्द पुरुषाच्या नावामागे मानाने लागू लागला. हिशेब लिहिणारा तो 'कणक्कपिळ्ळै', म्हणजे आपला कुलकर्णीच म्हणा ना! पण घराण्याचे आडनाव लावण्याची चाल तमिळ मुलखात सहसा नाही. तिथे माणसाचे एक नाव आणि त्याआधी बापाच्या नावाचे पहिले अक्षर, एवढ्यावर भागते.

मग पिळ्ळैचे आडनाव कसे झाले? त्यासाठी दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळात जायला हवे. 16 नोव्हेंबर 1860 रोजी 'ट्रुरो' हे जहाज मद्रासहून 342 माणसे घेऊन दरबानला लागले. उसाच्या मळ्यांत पाच वर्षांचे 'गिरमिट', पहिल्या वर्षी पगार महिना 10 शिलिंग. 1911 पर्यंत मद्रास आणि कलकत्त्याहून सुमारे दीड लाख माणसे अशी गेली. नोंदवहीत प्रत्येकाला नंबर. पुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव. पुढे इंग्रजी रीतीने आडनावे लागली, तेव्हा कुणाचे बापाचे नाव आडनाव झाले, कुणाचे जातीचे बिरुद. मुदलियारांचे 'मूडली' झाले, पिळ्ळैचे 'पिले'.

इकडे मात्र उलटे घडले, बरं का. 1929 साली चेंगलपट्टूला पेरियार रामस्वामी यांच्या स्वाभिमान चळवळीची परिषद भरली. जातीची बिरुदे टाकून द्यावीत, असे तिथे ठरले. पुष्कळांनी ती टाकली. म्हणजे बघा, मायदेशी जे नाव जात सांगते म्हणून सोडले, तेच परदेशी वाडवडिलांची खूण म्हणून जपले गेले. तिकडच्या कित्येक घरांतून तमिळ बोली गेली, पण पिले राहिले. दरबानच्या एका बसचालकाच्या कन्या नवी पिले 1995 साली तिथल्या उच्च न्यायालयात न्यायाधीश झाल्या. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या गोरेतर स्त्री. 2008 ते 2014 त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयुक्त होत्या.

शिक्षक मित्रहो, मुलांना आपापल्या आडनावाची गोष्ट आजीआजोबांना विचारून यायला सांगा. मात्र त्यावरून कुणी कुणाची पायरी ठरवणार नाही, एवढे वर्गात सांभाळा.