जीवदयेचे दान : एका दिवसाचे की बारमाही?

जीवदया हा जैन आचारधर्माचा प्राण होय. तथापि मनात दया असणे आणि मुक्या जिवासमोर रोज वेळेवर चारापाणी येणे, यांत अंतर आहे. हे अंतर पूर्वसूरींनी दानाच्या कोणत्या योजनेने भरून काढले, त्याचा इतिहास मननीय आहे.

इ. स. १६२३ मध्ये पिएत्रो देल्ला वाल्ले हा इटालियन प्रवासी खंभातला आला. तेथील पक्ष्यांच्या रुग्णालयात बरे झालेले रानपक्षी मुक्त केले जात, तर पाळीव पक्षी एखाद्या सत्शील गृहस्थाकडे सोपविले जात. आई गमावलेली उंदरांची पिल्ले कापसात ठेवून, नाकावर चष्मा लावलेला एक शुभ्र दाढीचा वृद्ध त्यांना पिसाने दूध पाजीत होता, अशी नोंद त्याने केली आहे. दानाला सेवेची जोड होती, हे यातून दिसते.

मुंबईत जून १८३२ मध्ये इंग्रजी अंमलातील पोलिसांनी भटकी कुत्री मारण्याचा सपाटा लावला. बक्षिसाच्या लोभाने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले, तेव्हा पारशी, हिंदू, जैन व मुसलमान रहिवाशांनी दुकाने बंद करून प्रखर विरोध केला. पण केवळ निषेधाने जीव वाचत नाहीत. १८३४ मध्ये जमशेटजी जिजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांच्या पुढाकाराने भुलेश्वर परिसरात पांजरपोळ उभी राहिली. शत्रुंजयावरील मोतीशा टूंक याच शेठजींच्या नावाची. पांजरपोळीच्या चरितार्थासाठी व्यापाऱ्यांनी कापसासारख्या मालाच्या उलाढालीवर ‘लागा’ बसविला. इमारत एकदाच बांधावी लागते, चारा मात्र रोज लागतो. हा हिशेब त्या व्यापाऱ्यांनी अचूक ओळखला होता. सौदा झाला की जनावरांचा वाटा आपोआप बाजूला निघे.

पुढे १८८० च्या दशकात परळ येथे दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून जनावरांचे रुग्णालय झाले. त्याला त्यांनी पत्नी साकरबाई यांचे नाव दिले. प्रिय व्यक्तीच्या नावे दिलेली ही भेट आजही आजारी जनावरांच्या उपयोगी पडत आहे.

‘कायम तिथी’ ही प्रथा याच परंपरेतील. जन्मदिवस, विवाह वा पुण्यतिथी यांनिमित्त ठेव ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी त्या दिवशी घास घालावा, ही कल्पना सुंदर आहे. परंतु आजोबांनी ठेवलेल्या रकमेचे व्याज आहे तेवढेच राहते, अथवा घटते. कडबा, पेंड, औषधे व मजुरी मात्र वाढतच जातात. वहीत तिथी कायम राहते, गव्हाणीतला घास कमी होतो. पूर्वजांच्या नावाची पाटी पुसून स्वच्छ करण्याइतकेच त्यांच्या ठेवीत भर घालणेही वारसांचे कर्तव्य आहे.

घरातील एखाद्या मुलाला वा सुनेला मुक्या प्राण्यांचा लळा असेल, तर वाढदिवशी चांदीच्या वस्तूऐवजी त्यांच्या नावे तिथी लिहवावी, जखमी पक्ष्याच्या उपचारांचा खर्च उचलावा, अथवा दरमहा ठरावीक चारा पाठवावा. देण्यापूर्वी पांजरपोळीत जाऊन काय कमी आहे ते विचारावे. व्यापाऱ्याच्या रोजमेळात ‘जीवदया खाते’ पुन्हा नित्याचे झाले, तर लाग्याची ती जुनी परंपरा नव्या पिढीच्या हाती सुखरूप पोहोचेल.