कोटवाराची वर्दी आणि चालकाविना मोटार

चालकाविना धावणाऱ्या मोटारींचा विषय निघाला की आपल्या मंडळींत चर्चा होते ती अपघातांची आणि ड्रायव्हरांच्या पोटापाण्याची. केंद्रीय रस्तेवाहतूक मंत्री, नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनीही २०२३ मध्ये अशा मोटारी भारतात येऊ देणार नाही असे सांगितले, ते रोजगाराचेच कारण देऊन. या मोटारीची दुसरी बाजू मात्र झाकलेली राहते. तिला हात नसले तरी डोळे पुष्कळ आहेत. कॅमेरे, रडार, लेसर किरणांची यंत्रे आणि उपग्रहावरून स्थान कळविणारी सोय यांसारख्या साधनांवाचून ती चालूच शकत नाही. आत बसलेला कोठून कोठे गेला याची नोंद होतेच. रस्त्याच्या कडेने जाणाऱ्या तिऱ्हाईताचेही चित्रण होते. ही नोंद कोणाची, ती किती दिवस ठेवावी, पोलिसांनी मागितल्यास द्यावी काय, हे प्रश्न वाटतात तितके नवे नाहीत. त्यांच्या इतिहासातील एक महत्त्वाचा टप्पा तर आमच्याच राज्यातील एका खटल्याने घडला आहे.

तो खटला म्हणजे ‘गोविंद विरुद्ध मध्य प्रदेश राज्य’. मध्य प्रदेश पोलीस नियमावलीतील ८५५ व ८५६ या नियमांन्वये संशयित व्यक्तीवर पाळत ठेवता येई. पोलिसांनी अवेळी घरी जाऊन पाहणी करावी, घरावर गुप्त पहारा ठेवावा आणि पाटील, मुकद्दम व कोटवार यांनी त्या माणसाच्या येण्याजाण्याची वर्दी ठाण्यावर द्यावी, अशी ती व्यवस्था होती. कोटवार ही संस्था आमच्या वाचकांना सांगावयास नको. शासकीय सेवेत आम्ही गावोगाव हिंडलो तेव्हा गावातील खडान्‌खडा माहिती त्याच्याचपाशी मिळे. पण ती एका गावापुरती असे आणि त्याच्या स्मरणात राहील तेवढीच असे. १८ मार्च १९७५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या नियमांविरुद्धची याचिका फेटाळली. तथापि न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी निकालपत्रात खासगीपणाचा हक्क संविधानात असू शकतो हे सावधपणे मान्य केले, आणि ज्याच्या गुन्हेगारी जीवनक्रमाविषयी सबळ आधार आहे अशाच्याच बाबतीत हे नियम वापरावेत, अशी मर्यादा घातली. याचिकाकर्ता हरला, तत्त्व मात्र उरले.

पुढच्याच वर्षी, आणीबाणीत, जबलपूरच्या अपर जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या नावाने ओळखला जाणारा निकाल आला आणि नागरिकाच्या स्वातंत्र्याला न्यायालयाचे दार बंद झाले. त्या बहुमतात न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि तो जबलपूरचा निकालही मोडीत काढला. त्यातले प्रमुख निकालपत्र त्यांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले. त्याच पीठात नागपूरचे न्या. शरद बोबडे आणि मध्य प्रदेश उच्च न्यायालयात वकिली करून तेथेच न्यायाधीश झालेले न्या. अभय मनोहर सप्रे होते. बृहन्महाराष्ट्रातील मंडळींनी अभिमानाने सांगावे असेच हे आहे, पण सांगताना कोणी आढळत नाही.

परदेशांत कायदा अडखळला तो ‘चालक’ या शब्दापाशी. प्रत्येक चालत्या वाहनाला चालक असलाच पाहिजे, असे १९६८ च्या व्हिएन्ना कराराचे कलम होते. स्वयंचलित वाहनांसाठी त्याला वाट करून देणारी दुरुस्ती जुलै २०२२ मध्ये अमलात आली. जर्मनीने त्याआधीच, २०१७ मध्ये, आपला कायदा बदलला. सूत्रे माणसाकडून यंत्राकडे केव्हा व कोठे गेली एवढीच नोंद ठेवावी, ती सहा महिन्यांनी पुसावी आणि अपघात झाला असेल तर तीन वर्षे जपावी, हा तेथील नियम आम्हांला विशेष शहाणपणाचा वाटतो, कारण त्यात नोंदीचा हेतू आणि तिचे आयुष्य दोन्ही ठरलेले आहे. चीनने ऑक्टोबर २०२१ पासून मोटारींतील महत्त्वाची माहिती देशातच ठेवण्याचे बंधन घातले. तेथे चिंता नागरिकापेक्षा राष्ट्राच्या सुरक्षिततेची अधिक दिसते. ब्रिटनचा स्वतंत्र कायदा मे २०२४ चा आहे. कॅलिफोर्नियात ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा एका मोटारीखाली एक पादचारी फरफटली गेली. त्या फरफटीचे चित्रण कंपनीने पूर्ण दाखविले नाही, असा ठपका ठेवून तेथील मोटार विभागाने तिचे परवाने स्थगित केले. पुरावा सगळा यंत्राच्या पोटात आणि यंत्र कंपनीच्या ताब्यात, ही तिथली खरी अडचण.

आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात परवाना हा माणसालाच मिळतो. २०१९ च्या दुरुस्तीने मात्र कलम २ ख घालून, संशोधनासाठी काही वाहनांना कायद्यातून सूट देण्याचा अधिकार केंद्राकडे ठेवला आहे. पाळतीचे म्हणाल तर चालक असलेल्या गाडीवरही ती आलीच आहे. जानेवारी २०१९ पासून नव्या प्रवासी बसगाड्यांना स्थान कळविणारे यंत्र बसविणे बंधनकारक झाले. २०१७ च्या निकालामागून आलेला वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य कलमांना त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत मिळाली. हा कायदा मुख्यतः संमतीवर उभा आहे. प्रवाशाची संमती तिकिटाबरोबर घेता येईल. हनुमान चौकातून पायी जाणाऱ्याची कोण, कशी घेणार? शिवाय केंद्राने अधिसूचित केलेल्या शासकीय यंत्रणांना कलम १७ अन्वये सूट मिळू शकते. त्या सुटीला मर्यादा कोणती, हा वाद जेव्हा न्यायालयात उभा राहील, तेव्हा वकिलांना १९७५ चे ते मध्य प्रदेशचे निकालपत्र पुन्हा काढावे लागेल.