अर्धवट राहिलेले अपग्रेड आणि संगणकाची सावरणी (डेबियन, उबुंटू)

ऑपरेटिंग सिस्टीम नव्या आवृत्तीवर नेताना वीज गेल्याने, डिस्क भरल्याने किंवा यंत्र मध्येच बंद केल्याने काम अडकले, तर ते पुरे करून संगणक चालता करण्याची प्रक्रिया. १९९३ साली सुरू झालेल्या डेबियनमध्ये आणि तिच्यावर बेतलेल्या उबुंटूमध्ये (२००४) याची तरतूद मुळातच उत्तम आहे. तेथे प्रत्येक पॅकेज आधी उलगडले जाते, मग कॉन्फिगर होते. कोणते पॅकेज कुठवर आले, हे ‘डीपीकेजी’ हा प्रोग्रॅम साध्या मजकुराच्या ‘स्टेटस’ फाइलीत नोंदवतो. म्हणून उरलेली सर्व पॅकेजे कॉन्फिगर करण्याची आज्ञा देताच काम थांबले तेथून पुढे सरकते. पॅकेजांच्या परस्पर अवलंबनांचा उरलेला गुंता ‘एपीटी’ ही पॅकेज-व्यवस्थापन प्रणाली सोडवते. स्टेटस फाइलच बिघडली, तर ‘व्हार’मधील ‘बॅकअप्स’ डिरेक्टरीत तिच्या आधीच्या प्रती सहसा मिळतात.

संगणक सुरूच होत नसेल, तर ग्रब या बूटलोडरच्या मेनूतून जुने कर्नल निवडून पाहावे. तेही न जमल्यास पेनड्राइव्हवरून लाइव्ह सिस्टीम चालवतात, डिस्कवरचे मूळ पार्टिशन माउंट करतात आणि ‘सीएचरूट’ने आत शिरून तीच आज्ञा देतात. मात्र त्याआधी मोकळी जागा तपासावी. लहान ‘बूट’ पार्टिशन जुन्या कर्नलांनी भरले असेल, तर संगणक सुरू होताना लागणारी नवी इनिटरॅमएफएस प्रतिमा लिहिलीच जात नाही.

सर्वांत घातक म्हणजे एका वेळी एकाच प्रोग्रॅमला काम करू देणारी लॉक फाइल घाईने पुसणे: मागे अपग्रेड चालूच असेल, तर दोन प्रोग्रॅम एकाच वेळी नोंदींवर हात चालवतात.