टाचण्या आणि रेशमाचा दोरा

निकोलस साँडरसन १६८२ साली यॉर्कशरमध्ये जन्मला. जेमतेम वर्षाचा असताना देवी आल्या आणि दोन्ही डोळे गेले. पुढे १७११ साली हाच माणूस केंब्रिजला न्यूटनच्या गादीवर बसला (मध्ये व्हिस्टन होऊन गेला) आणि पोरांना चक्क प्रकाशशास्त्र शिकवत असे. मी अंध मुलांना गणित शिकवण्यात नोकरी घालवली, त्यामुळे मला त्याच्या हुद्द्यापेक्षा त्याच्या पाटीचं अप्रूप.

ही पाटी त्याची त्यानंच तयार केलेली. तिच्यावर छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात नऊ भोकं : एक मधोमध, आठ कडेनं. टाचण्या दोन जातींच्या, मोठ्या डोक्याच्या आणि बारीक डोक्याच्या. मधल्या भोकात नुसती मोठी असली की शून्य, नुसती बारीक असली की एक. मधे मोठी ठेवून तिच्या बरोबर वरच्या भोकात बारीक टोचली की दोन. तसंच घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं सरकत गेलं की वरच्या डाव्या कोपऱ्यात नऊ. आकृती काढायची तर कोनबिंदूंवर टाचण्या रोवून भोवती रेशमाचा दोरा ताणायचा. झाला त्रिकोण! चुकला तर दोरा सोडवायचा, टाचणी हलवायची. खोडरबराचं कामच नाही.

साँडरसन १७३९ साली गेला. दहा वर्षांनी फ्रेंच तत्त्वज्ञ दीदरोनं आपल्या अंधांविषयीच्या पत्रात या पाटीचं वर्णन केलं. त्या पुस्तकापायी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली. अर्थात पाटीमुळे नव्हे, त्यातल्या देवाधर्माच्या मतांमुळे.

नंतर पॅरिसमध्ये आयुई आला. त्यानं नेहमीचीच रोमन अक्षरं कागदावर उठावदार छापली. मनुष्य भला, अंधांची शाळा काढणारा, पण डोळस. त्याची अक्षरं दिसायला सुबक, बोटाखाली मात्र सरकता सरकत नसत. त्याच शाळेत शिकलेल्या लुई ब्रेलनं ती बाजूला सारून ठिपके घेतले.

डोळ्यांसाठीचं तसंच्या तसं बोटांना द्यायचं, ही गफलत अजून चालू आहे. हल्ली खास कागदावर काळ्या शाईनं चित्र काढून ते यंत्रात तापवतात, की काळ्या रेघा फुगून वर येतात. सोय मोठी. पण पाठ्यपुस्तकातला घन तसाच फुगवून दिला, तेव्हा एक मुलगी बोटं फिरवून म्हणाली, "सर, दोन चौकोन एकमेकांत अडकलेत." बरोबरच होतं तिचं. कागदावर तेवढंच असतं. घन आपला आपण डोळ्यांनी उभा करतो. मग तिला आधी लाकडी ठोकळा दिला आणि नंतर त्याच्या सहा बाजू उलगडलेला पुठ्ठा. तो तिनं न विचारता दुमडला.